एका काडीची विडी

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, हट्टी माणूस जबलपुरात दुसरा झाला नाही. झाला असेल तर त्यांच्याशी वाद घालून केव्हाच गाव सोडून गेला असेल. लढाईचे दिवस होते आणि आतोबा फॅक्टरीत भट्टीवर होते. तिथे त्यांच्या जोडीदाराचे, भैयाजींचे, दोन्ही हात भाजले. जखमा भरल्या, पण बोटं वळेनात. विडी कशीबशी धरता येई, काडी मात्र ओढता येत नसे. आणि विडी मेली घडीघडी विझायची! दर वेळी सुनेला हाक मारायची भैयाजींना लाज वाटे. म्हणून आतोबा रोज ड्यूटीवरून परस्पर कांचघर मोहल्ल्यात त्यांच्याकडे जात आणि काड्या ओढत बसत.

शेवटी त्यांनी जाहीर केलं, "एका काडीत शेवटपर्यंत जळेल अशी तंबाखू मी पिकवतो." परसातली वांगी उपटली गेली. "काहून उपटली हो माझी वांगी?" आत्या कडाडली. "भैयाजीसाठी करून राहिलो," एवढंच उत्तर. पानं घरभर दोऱ्यांवर लटकली, पाहुणे वाकून आत येऊ लागले, पण विडी काही जळेना. काळी पडायची, फुसफुसायची, विझायची. असे दोन हंगाम गेले.

त्याला कारण आतोबांचीच माया. उन्हाळ्यात भट्टीवाल्यांना मिठाचं पाणी प्यायला मिळे. उरलेलं ते डबा भरून आणत आणि रोपांना पाजत. "आपल्याला ताकद येते, मग त्यांना नको?" पण चुलीच्या राखेच्या ढिगात एक रोप आपसूक उगवलं होतं. खारं पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. त्याचं पान वाळवून ओढलं, तर पठ्ठं शेवटपर्यंत जळलं! आतोबांनी कपाळावर हात मारून घेतला. मग मीठ बंद, वाफा नवा, आणि मोहल्ल्यातल्या साऱ्या चुलींची राख आमच्या परसात.

नव्या पिकाची पहिली विडी घेऊन आतोबा भैयाजींकडे गेले, त्या संध्याकाळी मीही सोबत होतो. आतोबांनी एकच काडी ओढली. विडी पांढरी राख धरत पार दोऱ्यापर्यंत गेली. आतोबांनी मिशीला पीळ दिला. भैयाजी विडीच्या थोटकाकडे बघत म्हणाले, "वाह भैया! तो अब कल से नहीं आओगे?"

आतोबांचा चेहरा एवढासा झाला. एवढ्या खटाटोपात हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग खाकरून म्हणाले, "आऊँगा नहीं? राख कौन झाड़ेगा?"

पुढे डॉक्टरांनी भैयाजींची विडी कायमची बंद केली. आतोबा तरीही रोज जात राहिले.