पायाखालचा ठोकळा

आमच्या कॉलेजात नवी खुर्ची मागणं म्हणजे स्वतःहून फजिती ओढवून घेणं. ग्रंथालयातली माझी खुर्ची मोडली तेव्हा मी रीतसर अर्ज केला आणि प्राचार्यांनी मला जुन्या सामानाची खोली सांभाळणाऱ्या घनश्यामकडे पिटाळलं. आधी त्याच्या खोलीत बघायचं, तिथं नसेल तरच विकत घ्यायचं, हा वरोऱ्याजवळच्या आमच्या आवाराचा नियम. जुनी प्रयोगशाळा पाडली तेव्हा तिच्या खिडक्या वसतिगृहाला लागल्या, विटा कुंपणात गेल्या. मेसमधलं भांडी धुतलेलं पाणी केळीला जातं. पाहुणे आले की साहेब मंडळी याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात. आम्ही घनश्यामची खोली म्हणतो.

घनश्याम ढिवराच्या घरातला, बाप तलावावर मासे धरायचा आणि जाळी विणायचा. त्यानं माझ्या खुर्चीची बैठक नायलॉनच्या दोरीनं जाळ्यासारखी विणून दिली.

"बसून पाहा मॅडम. काम झालं का वापस आनजा."

"म्हणजे मी रिटायर झाले की?" मी फणकारले. तो हसला. कुणाला बादली दिली तरी तो हेच म्हणायचा.

त्याच्या मुलाची, पियुषची खुर्चीही याच खोलीतून निघालेली. पियुषला स्नायूंचा आजार होता, चालता चालता पोराचं चालणं सुटलं. घनश्यामनं प्राचार्यांना विचारून सामान घेतलं: पोरं टाकून गेलेल्या सायकलींची चाकं, बाकाची फळी, आणि बैठक स्वतः विणलेली. खुर्ची झाली ती मात्र चांगली मोठी. वाढत्या अंगाचा शर्ट घेतात, तसं माप त्यानं धरलं होतं. पियुष बसला तर पाय अधांतरी. मग जुन्या प्रयोगशाळेच्या चौकटीतला सागवानाचा एक ठोकळा कापून त्यानं पायाखाली बसवला.

"पाय पोचले का काढून टाकू," तो पोराला म्हणाला.

संध्याकाळी पियुष ग्रंथालयात यायचा. जनावरांची पुस्तकं काढायचा आणि मला वाघांबद्दल असे प्रश्न विचारायचा की मी चिडायचे. आधी चाकं स्वतः फिरवायचा, मग बाप ढकलायला लागला. पोराचे पाय लांब व्हायच्या ऐवजी गुडघ्यात आखडत गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं आधीच सांगितलं होतं. घनश्याम ऐकून आला होता, तरी दर उन्हाळ्यात वाकून तो ठोकळ्याशी पाय जुळवून बघायचा. टाचा टेकून टेकून लाकडात दोन खळगे पडले.

पोळा झाल्यावर पियुषचा श्वास अडकू लागला आणि त्यातच तो गेला. मला अजून त्या वेळेला दाराकडे बघायची सवय आहे.

नातेवाईक म्हणाले, अंथरुणासोबत खुर्चीही गावाबाहेर टाक, गेलेल्याचं घरात ठेवू नये. घनश्यामनं ती टाकली नाही आणि ठेवलीही नाही. तेरवी झाल्यावर खुर्ची खोलीत आणली आणि एकेक नट सोडवून मोकळी केली. चाकं बागेच्या पाणीगाडीला, फळी बाकाला.

"राहू दे ना रे," मी म्हटलं.

"काम झालं नं मॅडम," तो म्हणाला.

ठोकळा तेवढा कशालाच बसेना. तो त्याच्या बायकोनं, जयानं, घरी नेला.

दिवाळीनंतर मूल शहराच्या पलीकडच्या गावाहून कुंताबाई नावाची एक बाई आली. कडेवर मंगली, तिची मुलगी. जन्मापासून पायात बळ नाही.

"भाऊ, इथी चाकाची खुर्ची भेटते म्हनून आयकलं."

घनश्यामचा चेहरा उतरला. "होती बाई. म्याच खोलून टाकली."

"काऊन जी?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी या, एवढंच म्हणाला. मग माळ्याची बोलणी खाऊन गाडीची चाकं परत काढली, फळी काढली, बैठक नव्यानं विणली. मंगलीचं माप त्यानं घेतलंच नव्हतं, आणि हाताला एकच माप ठाऊक होतं. मायलेकी आल्या, पोरीला बसवलं, तर तिचे पाय अधांतरी. खुर्ची जशीच्या तशी पियुषची झाली होती.

जया डबा घेऊन आली होती. ती मागच्या क्वार्टरमध्ये गेली आणि ठोकळा घेऊन आली.

"ते नाई," घनश्याम म्हणाला. "त्याच्यावर त्याचे पाय हायेत."

"अवो, लेकरू लोंबकळून राह्यलं," जया म्हणाली.

शेवटी त्यानंच तो बसवला. पियुषच्या खळग्यांत पोरीच्या टाचा टेकल्या. "पाय पोचले का काढून टाकजा," तो कुंताबाईला म्हणाला. "खुर्ची राहू द्या तुमच्यापाशी. हे मात्र मले वापस पाह्यजे."

खुर्ची गेली. त्यानंतर तो खोलीत कुणालाही 'वापस आनजा' म्हणाला की मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

दोन वर्षं गेली. परवा कुंताबाई एकटीच आली. पिशवीतून ठोकळा काढून तिनं टेबलावर ठेवला.

"पोचले जी पाय! वाढली पोरगी."

"बेस झालं," घनश्याम म्हणाला. मनापासून म्हणाला, हसलासुद्धा. ठोकळा उचलून त्यानं खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि एकदम जमिनीवर बसला. पियुष गेला त्या दिवशी जो रडला नव्हता, तो माणूस हंबरडा फोडून रडायला लागला. कुंताबाई घाबरली, आपलं काय चुकलं म्हणून मला विचारू लागली.

"बाईचं काई नाई चुकलं, मॅडम," तो म्हणाला. "मले हे पियुषच्या पायाखालून काढाचं होतं."