रस्त्याकडे पाठ करून बसलेली नीलू

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "ऑडोन्टॉइड फ्रॅक्चर." म्हणजे मानेच्या दुसऱ्या मणक्याचं ते वरचं टोक, ज्याच्या आधाराने डोकं फिरतं, ते तडकलं होतं. माझी नीलू तेव्हा अडीच वर्षांची.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. अपघात म्हणावा असं काही झालंच नव्हतं. आम्ही वर्धा रोडने आमच्या जुन्या मोटारीतून घरी येत होतो. नीलू पुढच्या सीटवर, माझ्या मांडीत. म्हैस आडवी आली आणि ह्यांनी करकचून ब्रेक मारला. मी नीलूला घट्ट धरलं होतं. ती कुठे आपटली नाही, साधं खरचटलंही नाही. थोडी रडली आणि झोपली.

सकाळी उठताना मात्र तिने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं. हात सोडवले की किंचाळायची. मान लचकली असेल म्हणून सासूबाईंनी पार्वताबाईंना बोलावलं. आमच्या मोहल्ल्यातली सगळी बाळं त्यांच्याच हातची न्हालेली. तेल कोमट करून ठेवलं होतं. पार्वताबाईंनी नीलूकडे पाहिलं आणि वाटी बाजूला सारली.

"थे पोरगी आपलंच डोकं झेलून राहिली ना वं बाई! इले मी हात नाही लावत. आत्ताच दवाखान्यात ने."

"थोडं चोळून तर पाहा," सासूबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही."

हे मी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "त्या बाईंचे पाय धरा. मान चोळली असती तर मुलगी कदाचित वाचली नसती."

मी धरले. पार्वताबाई संकोचून रडायलाच लागल्या.

नीलूला 'मिनर्व्हा जॅकेट' घातलं. डोक्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर, फक्त चेहरा उघडा. अडीच महिने. आत खाज सुटली की ती माझं बोट चावायची. मी चावू द्यायची. "मी तर धरलं होतं हो तिला," असं मी एकदा डॉक्टरांना म्हणाले. ते म्हणाले, "तुम्ही अंग धरलं होतं. डोकं कोण धरणार? या वयात डोकं जड आणि मान कोवळी असते. झटक्यात डोकं पुढे फेकलं जातं."

परदेशात शिकताना त्यांनी मुलांना गाडीत उलटं बसवलेलं पाहिलं होतं. पाठ पुढे, तोंड मागे. मग झटका सगळ्या पाठीवर वाटला जातो. त्यांनी कागदावर चित्र काढून दिलं. इतवारीतल्या सुताराने त्यावरून खुर्ची केली, ह्यांनी तिला जाड पट्टे लावले आणि ती गाडीत पक्की बसवली.

प्लास्टर निघालं. नीलू त्या खुर्चीत बसू लागली. लोक हसायचे. ती चार वर्षांची झाली तेव्हा सासूबाईंनी डॉक्टरांनाच विचारलं, "आता पाय मावत नाही तिचे. दुमडून बसते बिचारी. काहून छळता पोरीले?"

"आजी, पाय मोडला तर मी जोडून देईन," डॉक्टर म्हणाले. "मानेचं मला सांगता येत नाही."

त्या दिवसापासून हसणाऱ्यांना सासूबाईच दटावू लागल्या.

तुमच्या घरी लहान मूल असेल, तर एवढंच सांगते. मूल मोठं झालं म्हणून त्याला गाडीत समोर तोंड करून बसवायची घाई करू नका. आणि मूल डोकं हातांनी सावरत असेल, तर मानेला हात लावू नका, तडक दवाखाना गाठा.

पाच वर्षांची झाल्यावर नीलू पहिल्यांदा समोर तोंड करून बसली. मी मुद्दाम तिच्या मागे बसले होते. रस्त्यावरचं काहीबाही दिसलं की ती मान वळवून मला दाखवायची. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. घर येईपर्यंत मी दुसरं काहीच पाहिलं नाही.