सुरात आणलेली घंटा

नेत्राचा धंदा काय, हे तिच्या वाडीत अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. नंदिगड्डेच्या पुढं, जंगलात आत, अकरा घरांची ही वाडी. एखादा पाहुणा विचारतो, "केशरबाईची लेक बेंगळूरला काय करती?" शेजारचा लखू मोठ्या तोऱ्यात सांगतो, "संगीतात हाय." पाहुणा खूश होतो. "गाती व्हय?" "न्हाई, गात न्हाई." "मग पेटी? तबला?" "तसलंबी न्हाई." मग लखू डोकं खाजवतो. "आवाज करती बगा. आणि लोक तिकीट काढून, गप बसून ऐकत्यात. तुमी च्या घ्या."

लखूला हसू नका. बेंगळूरची शिकलेली माणसंसुद्धा याहून फार वेगळं काही सांगत नाहीत, फक्त जास्त शब्दांत सांगतात.

नेत्रा दांडेलीच्या कॉलेजातून बाहेर पडली, तेव्हा धनेश पक्ष्यांवर फिल्म काढायला एक टोळी आली होती. त्यांना वाटा माहीत असलेलं आणि पाण्यात पाय घालायला न भिणारं माणूस हवं होतं. नेत्रा दोन्ही होती. आठवड्याभरानं आवाज टिपणाऱ्या बाईंनी गंमत म्हणून आपला हेडफोन तिच्या कानाला लावला. समोर तिचाच व्हाळ वाहत होता, जन्मापासून त्याचं पाणी भरलेलं. पण दगडाखालून जाणारं पाणी वेगळं, मुळातून झिरपणारं वेगळं, हे तिनं असं कधी ऐकलं नव्हतं. "अगं बाई!" ती एवढ्यानं ओरडली की धनेश उडाले आणि सकाळभराचं चित्रण वाया गेलं. टोळीतल्या सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या. आवाजाच्या बाईंनी मात्र तिला बेंगळूरला बोलावून घेतलं.

सहा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी लांब काठीला बांधलेला माईक धरला. खांदे दुखून यायचे. उरलेल्या वेळात ती स्वतःसाठी आवाज गोळा करायची. हॉस्टेलच्या नळाचा पाइप, उभ्या बसचं इंजिन, भाताची गिरणी. ते कापायचे, लांबवायचे, एकावर एक ठेवायचे आणि समोर बसून हातांनी वाजवलेल्या पत्र्या-बांबूंबरोबर सोडायचे. पहिला कार्यक्रम एका पुस्तकाच्या दुकानाच्या माडीवर झाला. एकोणीस माणसं आली, चार मध्येच उठून गेली. पण उरलेल्या पंधरांतल्या एकानं पेपरात चार ओळी लिहिल्या, आणि तिथून तिची गाडी हळूहळू मार्गी लागली. धारवाड झालं, कोची झालं, मग एकदा विमानात बसून जर्मनीसुद्धा झाली.

धारवाडला तिनं आईला नेलं होतं. केशरबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, चाळीस मिनिटं हूं की चूं न करता बसली. कार्यक्रम गिरणीच्या आवाजांचा. लोक टाळ्या वाजवून, भेटून गेल्यावर नेत्रानं भीत भीत विचारलं, "आई, कसं वाटलं?"

"त्या गिरणीचा पट्टा ढिला हाय," केशरबाई म्हणाली. "सांग त्यास्नी. न्हाईतर एक दिस कुणाच्यातरी अंगावर येईल."

नेत्रा हसली, पण परत आल्यावर तिनं गिरणीवाल्याला विचारलं. पट्टा खरंच ढिला होता. आईच्या कानाचं तिला नवल वाटायचं कारण नव्हतं. या वाडीत कान नसला तर गुरं गेलीच म्हणून समजा. भात कापून झालं की गुरं रानात मोकळी सुटतात, चार चार दिवस परतत नाहीत. आणि आमचं रान असं की दहा हातांवरची म्हैस दिसायची नाही. तेव्हा गुराच्या गळ्यात लाकडी घंटा बांधायची आणि संध्याकाळी व्हाळाच्या काठाला उभं राहून ऐकायचं. आपलं जनावर कुठं आहे, चरतंय की पळतंय, हे त्या टोकटोकीवरून कळतं.

या घंटा करायचा नेत्राचा बाप, उमाजी. लाकूड आतून कोरायचा, आत दोन दांडके टांगायचा, कानाशी धरून हलवायचा, पुन्हा कोरायचा. वाडीत दोन घंटा एका आवाजाच्या नसाव्यात, एवढाच त्याचा कायदा. नवी घंटा कुणाच्या घंटेजवळ जाऊ लागली की तो ती सरळ चुलीत घालायचा. "घोटाळा नको बाबा," म्हणायचा. तो गेला त्याला सात वर्षं झाली. त्याच्यामागं घंटा करणारं वाडीत कुणी उरलं नाही. केशरबाईच्या गोठ्यात एकच गाय, तांबू, आणि तिच्या गळ्यात त्याच्या हातची घंटा. सगळ्यांत चढी, थोडी किनरी.

गेल्या पावसाळ्यात नेत्राला पणजीच्या एका महोत्सवानं बोलावलं. काहीतरी मोठं करा, म्हणाले. नेत्रानं ठरवलं, बापाच्या घंटा वाजवायच्या. लावणी झालेली, भात वाढतंय, गुरं राखणीखाली दावणीला, म्हणजे घंटांचं काम नाही. तिनं घरोघर जाऊन अठरा घंटा मागून घेतल्या. लोकांनी दिल्या. उमाजीची लेक, तिला नाही कोण म्हणणार? लखू तेवढा म्हणाला, "जर्मनीत इसरून येऊ नको म्हंजे झालं."

तालमीला सतरा घंटा एकमेकींत छान मिसळत होत्या. अठरावी खुपायची. तांबूची. सगळ्या एकत्र वाजल्या की तीच वर डोकं काढायची. आता ती खुपावी म्हणूनच बापानं केलेली, हे नेत्राहून जास्त कुणाला ठाऊक होतं? पण कार्यक्रमाला पाच दिवस उरले होते, आणि माणूस एकदा सुराच्या मागं लागलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. एका दुपारी तिनं पटाशी घेतली आणि घंटा आतून खरवडली. नखाएवढं. सूर उतरला, मिसळला. नेत्राला इतका आनंद झाला की ती त्या दिवशी जेवायला विसरली.

पणजीत लोक उभे राहिले. म्हातारे बाप्ये रडत होते. नेत्राच्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा दिवस, आणि तो तिनं मेहनतीनं मिळवला होता, ते कुणी नाकारू नये.

डिसेंबरात ती घंटा परत द्यायला आली. घराघराची चिठ्ठी चिकटवलेली, सगळ्या पुसून लख्ख. केशरबाई तेव्हा घरी नव्हती. कॅसलरॉकच्या तिच्या बहिणीचा पाय मोडला होता, म्हणून पंधरा दिवस तिकडं गेली होती. भात कापून झालेलं, त्याच सकाळी वाडीची गुरं सुटायची होती. नेत्रानं आपल्या हातानं तांबूच्या गळ्यात घंटा बांधली. तांबूनं मान हलवली, घंटा वाजली, आणि नेत्राच्या मनात आलं, आईला सांगायला हवं. मग वाटलं, नखाएवढं तर खरवडलंय, त्यात काय सांगायचं. आणि मोबाइलला रेंज नव्हती. आणि बस दहाला होती. असल्या वेळी माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

जानेवारीत फोन आला. वाडीवरून फोन करायचा तर टेकाड चढावं लागतं, म्हणून केशरबाईला धाप लागली होती.

"पोरी, तांबू गावंना झालीया."

"कधीपासनं?"

"मी आल्यापासनं शोधती. व्यायला झालीया गं ती, आज-उद्या करती. रानात व्याली तर वासरू टिकायचं न्हाई. आणि मला..." केशरबाई थांबली. "मला घंटा ऐकू येत न्हाई. सगळ्यांच्या ऐकू येत्यात, माजीच येत न्हाई. कान गेले बग माजे."

नेत्रा बोलली असती तर तिथंच सगळं सांगता आलं असतं. तिच्या तोंडून निघालं एवढंच, "मी येते." रात्रीची गाडी धरून ती दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर पोचली.

केशरबाई ओटीवर बसली होती. नेत्रानं तिला अशी कधी पाहिली नव्हती. लखूनं हाक मारली तरी ती वळली नाही. ऐकू आलं नव्हतं असं नाही, आपल्याला ऐकू येत नाही हे तिनं मनाशी धरलंच होतं. "आता रानात जाऊन काय करू?" ती म्हणाली. "भैऱ्या माणसानं घरात बसावं."

"चल माझ्याबरोबर," नेत्रा म्हणाली.

दोघी व्हाळापर्यंत गेल्या. नेत्रानं डोळे मिटले. पाणी, वारा, लांबवर लखूच्या म्हशीची भरड घंटा. आणि पलीकडच्या कारवीच्या झुडपांत, अगदी हळू, थांबून थांबून, टोक. टोक-टोक. तो आवाज नेत्रानं तालमीत हजार वेळा ऐकला होता. जगात तो ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं, कारण तो तिनंच केला होता.

"आई, ती बघ."

केशरबाईनं ऐकलं आणि मान हलवली. "ती आपली न्हवं. कुणाची तरी दुसऱ्या गावची हाय. तीन दिस हितंच येऊन उभी ऱ्हायले, हीच ऐकली, आणि परत गेले."

नेत्रानं तिचा हात धरला. "आई, ती तांबूच हाय. मी घंटा खरवडली. कार्यक्रमात जुळत नव्हती म्हणून."

"खरवडलीस?"

"व्हय."

"त्यांच्या हातची घंटा?"

"व्हय, आई."

नेत्रानं शिव्यांची, मारायचीसुद्धा तयारी केली होती.

"म्हंजे," केशरबाई म्हणाली, "माजे कान बरे हाईत?"

"बरे हाईत, आई. तुझं काहीच चुकलं नाही."

केशरबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती लहान पोरासारखी रडली. पण ते क्षणभरच. तीन दिवस आपण इथून परत गेलो म्हणजे काय झालं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती लुगडं गुडघ्यावर खोचून पाण्यात शिरली.

तांबू उभी होती. पोट रिकामं, कासेतून दूध गळतंय. पायांखालचं गवत तुडवून तुडवून माती झालेली. वासरू नव्हतं. ओढत नेल्याची खूण कारवीत शिरून गेली होती आणि पुढं वाघाचा की बिबट्याचा, पण पाय उमटलेला होता. तांबू त्या खुणेकडं तोंड करून उभी होती. मध्येच हंबरायची, तेवढी घंटा वाजायची.

तिला घरी आणायला दोघींना दुपार झाली. दर दहा पावलांवर ती मागं वळायची.

दोन दिवस केशरबाई लेकीशी एक शब्द बोलली नाही. भाकरी पुढ्यात ठेवायची, पाणी ठेवायची आणि गोठ्यात जाऊन बसायची. नेत्राला वाटायचं, एकदा बोल गं बाई, काय वाट्टेल ते बोल. टेकाडावर गेल्यावर तिला कळलं, बेंगळूरहून तीन फोन येऊन गेले होते. घंटांचा कार्यक्रम आणखी दोन शहरांत मागितला होता. तिथूनच तिनं सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं. त्यानं काही हलकं वाटलं नाही.

तिसऱ्या सकाळी ती गोठ्याच्या दाराशी गेली. "आई, आतून मेण लावून बघते. सूर चढेल जरा. न्हाईतर नवी करून आणते कुठून तरी. पहिल्यासारखी."

केशरबाई तांबूची मान खाजवत होती. "न्हाई," ती म्हणाली. "हात लावू नको."

"पण तुला ओळखू यायची न्हाई."

"त्या वासरानं जल्मून एवढंच ऐकलं. आईची घंटा. ती हीच." तिनं घंटेवर हात ठेवला. "आता ती बदलायची न्हाई."

नेत्राला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

केशरबाईनं तांबूच्या गळ्यातली घंटा सोडली आणि लेकीच्या हातात दिली. मग ती अंगणातून चालत गेली, खळं ओलांडलं, शेताचा बांध ओलांडला आणि रानाच्या कडेला, पाठ करून उभी राहिली. तिथून ओरडली, "वाजव."

नेत्रानं घंटा हलवली. टोक-टोक. केशरबाई मान जरा कलती करून ऐकत होती. मग ती वीस पावलं आणखी आत, झाडांत गेली. आता तिचं लुगडं तेवढं दिसत होतं.

"पुन्यांदा."

नेत्रानं पुन्हा वाजवली. केशरबाई आणखी आत गेली.