फैयाजचा पंखा

शेवगावच्या फैयाजला कुणी निष्काळजी म्हटलं असतं, तर गल्लीने बोलणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. विहिरीवरच्या मोटारींचे ऑटो स्टार्टर बनवणं हा त्याचा घरगुती धंदा, आणि त्यातल्या सर्किटच्या पाट्या तो घरीच कापायचा. पुण्याहून तांब्याचा थर दिलेले, दाराएवढे फायबरचे पत्रे यायचे. बाजूच्या खोलीत ग्राइंडर लावून हा त्यांचे तळहाताएवढे तुकडे पाडायचा. पांढरी भुकटी नुसती उडायची. फायबर म्हणजे काचेचेच धागे, तेव्हा ती भुकटी काचेची असते, हे नगरच्या एमआयडीसीत सहा वर्षं घासलेल्या फैयाजला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मुलगी झाल्याबरोबर त्याने घरात उघडणारं दार बंद केलं, फटींत चिंध्या कोंबल्या आणि खिडकीत जुन्या कूलरचा पंखा उलटा बसवला. धूळ थेट मागच्या अंगणात. पंख्याचं त्याला भारी कौतुक, येईल त्याला दाखवायचा.

शबनम तीन महिन्यांची झाली आणि तिच्या अंगावर लाल पुरळ उठलं. पोर रडून रडून निळी पडायची. डॉक्टरांचं मलम झालं, दृष्ट काढून झाली. मग घराने गुन्हेगार शोधला आणि तो नेहमीप्रमाणे बाईच निघाली.

"आईच्या दुधातच उष्णता हाय," फैयाजची अम्मा म्हणाली.

फैयाजच्या बायकोचं, सुरय्याचं, वांगं बंद झालं, लसूण बंद झाला, मसूर बंद झाली. ती बिचारी भाकरी आणि मुगाच्या पाण्यावर राहिली. तरी पुरळ हटेना, तेव्हा अम्माने अंगावरचं दूधच तोडायला सांगितलं. सुरय्याने नवऱ्याकडे पाहिलं.

"अम्मा म्हनती तसं कर," एवढं बोलून फैयाज पत्रे कापायला निघून गेला. त्या एका वाक्याला माफी नाही.

वरचं दूध सुरू होऊन महिना उलटला. पुरळ होतं तसंच होतं.

एका दुपारी लाईट गेली म्हणून फैयाज अंगणात आला. वाऱ्याने दोरीवरचं एक दुपटं खाली पडलं होतं. त्याने ते झटकून खांद्यावर टाकलं आणि दोन मिनिटांत त्याची मान चुरचुरायला लागली. ही खाज त्याच्या ओळखीची होती. दिवसभर पत्रे कापल्यावर हीच खाज त्याच्या मनगटांना सुटायची. त्याने दुपटं उन्हात धरलं. कापडात बारीक कुसळं चमकत होती. त्याने वर पाहिलं. दोरी बरोबर पंख्याच्या तोंडावर होती. सुरय्या लेकीचे कपडे तिथेच वाळत घालायची, कारण अंगणात ऊन तेवढ्याच जागी यायचं. कपडे कुठे वाळतात हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

दुपटं घेऊन तसाच तो आत गेला आणि अम्मासमोरच सुरय्याला म्हणाला, "माझ्या धुळीनं झालं समदं. तुझं दूध चांगलं हुतं."

सुरय्याने दुपटं हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"आठ दिस माझी छाती दगडावानी ठनकत हुती," ती म्हणाली. "तुमी शेजारीच झोपला हुता. तवा इचारलं असतं तर बरं झालं असतं. आता आटलं ते."

फैयाजला रडू कोसळलं. तिने त्याला गप्प केलं नाही. पाळण्यात शबनम भुकेने किरकिरायला लागली, तशी ती उठली आणि बाटली उकळायला ठेवली.