मोसंबीसरांचा उपमेनू

मोसंबीसरांना मी ताजंतवानं असं कधी पाहिलंच नाही. गेवराईत वडिलांचा मोसंबीचा गाडा, म्हणून गावाने दिलेलं हे नाव. पहाटे माल उतरवून गाडा लावायचा आणि दहा वाजता वरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास उघडायचा. शिकवता शिकवता खुर्चीतच डुलकी लागायची. आम्ही आपले गुपचूप टाइप करत बसायचो.

ऊसतोडीला गेलेल्या घरांच्या लेकरांसाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृह असतं. तिथल्या हजेरीचा प्रोग्रॅम सरांनी हौसेने अंगावर घेतला आणि माझ्या गळ्यात मारला. मेनूत गावाचं नाव. त्यावर माउस नेला की शेजारी उपमेनू उघडून त्या गावची मुलं दिसायची. मी शहाण्याने सगळी नावं हातानेच कोडमध्ये लिहिली. सरांनी कपाळाला हात लावला. लेकरं आज येतात, उद्या जातात. उपमेनू आधी लिहून ठेवायचा नसतो, उघडेल तेव्हा शाळेची यादी वाचून भरायचा असतो, असं म्हणाले. "आदी जुनं काड, मग भर. दर टायमाला. कटाळा करू नको बे."

मी कंटाळा केलाच. दर वेळी यादी वाचताना ते जुनं मशीन अडखळायचं, म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच उपमेनू भरून ठेवला. वसतिगृहाच्या मॅडम मशीन कधी बंदच करत नाहीत, हे माझ्या गावीही नव्हतं; म्हणजे उपमेनू पुन्हा कधी भरलाच जात नव्हता.

पौषात उमापूरची एक मुलगी परत आली. फडावर शाळा बुडते म्हणून आईने तिला मुकादमाच्या जीपने धाडलं होतं. शाळेच्या गुरुजींनी तिचं नाव कॉम्प्युटरवरच्या यादीत टाकलंही. संध्याकाळी मॅडमनी उमापूरवर माउस नेला, तर नाव नाही. त्यांनी तिला पडदा दाखवला आणि त्याच जीपने परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. सरांनी माझा कोड वाचला. रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. मोटरसायकल काढून कारखान्याकडे गेले, टोळ्या धुंडाळत तीन दिवस हिंडले आणि एकटेच परतले.

"यायला तयार न्हाई," पायरीवर टेकत ते म्हणाले. "म्हन्ती, तितं माजं नाव न्हाई. मी सोता बगितलंय."

दुरुस्ती तीन ओळींची होती. मी ती त्याच दिवशी केली.

सर मागच्या वर्षी वारले. शेवटचे भेटले ते दवाखान्यात, बोलायचंही त्राण नव्हतं. तरी मला जवळ बोलावून विचारलं, "उमापूरची ती पोरगी आली का रं?"

मी हो म्हणालो. त्यांना बरं वाटलं. मला अजून वाटत नाही.