बॅग कुणी उचलायची

बूटसुद्धा न काढता भरत पलंगावर आडवा होतो. पाच मिनिटं पडू, असं तो स्वतःला बजावतो. दुपारची झोप कधी पाच मिनिटांत आटोपली आहे? खिडकीबाहेर चहाचे मळे आहेत. आसामातल्या या गेस्टहाऊसमध्ये त्याच्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही. हिंदीत बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्याशीही तो कामापुरतंच बोलतो. गोल्फची स्पर्धा चार दिवसांची, त्यातले दोन संपले. निम्मे खेळाडू गाळले जाऊन घरच्या वाटेला लागले. भरत दुसऱ्या क्रमांकावर आहे, पहिल्यापेक्षा दोनच फटके मागे.

खरं तर आनंद व्हायला हवा. पण वर्षभर याचं असंच चाललंय, दोन दिवस वाघ आणि तिसऱ्या दिवशी शेळी. कारण शेंबड्या पोरालाही कळेल. बाकीच्यांची काठ्यांची बॅग कॅडी उचलतो, वारा बघतो, चेंडू पुसून देतो. भरतची बॅग पंधरा वर्षं त्याच्या थोरल्या भावानं, सुदामनं उचलली. गेल्या श्रावणात सुदाम सकाळी दाढी करता करता गेला, एका गालाचा साबण तसाच राहिला. तेव्हापासून भरत त्या बॅगेला कुणाला हात लावू देत नाही. नियमात बसतं म्हणून स्वतःच वाहतो, आणि तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात. लोक सांगून थकले. हट्टाला औषध नाही.

डोळे मिटतात. न्हाणीघरातला नळ ठिबकतोय. मग ठिबकत नाही, कुणीतरी तो घट्ट पिळतं.

"कितींदा सांगितलं तुला, नळ नीट बंद करत जा."

दादा दारात उभा आहे. चौकट लागू नये म्हणून मान वाकवलेली. दोन्ही गाल गुळगुळीत.

"दाढी झाली वाटतं," भरत म्हणतो.

"मग? अर्धी ठेवून जातंय व्हय कुणी?"

भरतला हसू येतं. दादाशी बोलताना त्याला कधी विचार करावा लागत नाही. दोघं बाहेर पडतात. जिन्याच्या पायऱ्यांवर गवत आहे, बारीक कापलेलं, ओलं. बॅग भरतच्या खांद्यावर आहे आणि दादा शेजारून मोकळ्या हातांनी चालतोय. ते मोकळे हात बघवत नाहीत. खाली उतरावं तर घराकडची, येरवड्याच्या गोल्फ मैदानामागची कॅडींची शेड लागते. बाकं रिकामी आहेत. चहाच्या टपरीवर स्टोव्ह फुरफुरतोय, पण चहावाला नाही. भरतचा खांदा भरून येतो.

"दादा, घे ना."

"काय?"

"बॅग. जरा वेळ."

"मेलेल्या माणसाला कामाला लावतोस काय रं?" दादा म्हणतो, पण हात पुढे करतो. पट्ट्यात हात घालतो तशी बॅग त्याच्या काखेतच अडकते. "आरं, हे काय? पट्टा पार आखडून ठेवलास की."

"माझ्या मापाचा केला."

"खेळणाऱ्याच्या मापाचा नसतो बाबा पट्टा. वाहणाऱ्याच्या मापाचा असतो."

शेडमधल्या जमिनीवर फरश्या आहेत, आणि त्या घरच्या स्वयंपाकघरातल्या आहेत. दादा मांडी घालून बसतो, बॅग आडवी घेतो आणि जाडजूड बोटांनी बकल सोडवू लागतो. पलीकडे वहिनी भाकरी थापतेय. ती वर बघत नाही. तिच्यापुढे एकच ताट आहे.

"दुसऱ्या कुणाला दिली तर तुझी जागा जाईल, दादा."

"कसली जागा?"

"माझ्या शेजारची. मी ती तशीच मोकळी ठेवतोय. सगळे दोघं दोघं चालतात. मी एकटा चालतो, तू असल्यासारखा."

दादा बकलाला हिसका देतो. बकल सुटतं. पट्टा ओढून तो लांब करतो, शेवटच्या भोकापर्यंत, आणि मग भरतकडे बघतो.

"म्हंजी मला रोज उन्हात फरफटत नेतोस तू," तो म्हणतो. "मी दमलोय रं, भरत्या."

भरतच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण एकटेच दमतोय.

"मग मी बोलू कुणाशी?"

"जो उचलंल त्याच्याशी. वारा कुठनं हाय, एवढं तर इचारशील? तेवढ्यावर पंधरा वर्षं काढली आपण."

आता हिरवळ आहे. चेंडू भोकापासून हातभर लांब. दादा झेंडा उपसतो आणि नेहमीसारखा मागे सरतो, आपली सावली चेंडूच्या वाटेत पडू नये म्हणून. आणखी थोडा सरतो. भरत सांगू पाहतो, की बस, सावली नाहीच पडत तुझी, थांब. पण फटका मारायच्या आधी बोलायचं नसतं, अशी दोघांचीही सवय. तो मान वर करतो तेव्हा हिरवळीवर कुणी नसतं.

पाय बुटांत आंबून गेलेत. इकडे ऊन लवकर उतरतं. मळ्यातल्या बायका पाठीवरच्या टोपल्या सांभाळत परत निघाल्यात. भरत उठून बसतो. उशी ओली आहे, ती तो उलटी करतो. मग उद्यासाठी काठ्या पुसून ठेवाव्यात म्हणून कपाटाशी टेकलेली बॅग खांद्यावर घेतो, आणि ती सरळ घसरत जाऊन त्याच्या गुडघ्यावर आदळते.

पट्टा लांब आहे. बकल शेवटच्या भोकात आहे, नीट घट्ट बसवलेलं. भरत ते पुन्हा आवळायला बोट घालतो. बोट तसंच राहतं. खोलीत कुणी नाही, आणि आज पहिल्यांदाच ते त्याला पुरतं कळतं.

बऱ्याच वेळानं तो मैदानावर फोन लावतो. उद्यापासून कॅडी मिळेल का, असं हिंदीत विचारतो. पुष्कळ आहेत, पलीकडचा माणूस म्हणतो, जुना जाणता हवा की तरुण?

"कोई भी चलेगा," भरत म्हणतो, आणि त्याचा आवाज फुटतो. "बस, लंबा चाहिए. मुझसे बहुत लंबा."