आजीची नसलेली पेटी

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कोणी विचारलं नसलं तरी सांगते. ज्यांच्या दिवाणखान्यात तीन पिढ्यांच्या पदव्या फ्रेम करून टांगल्या आहेत त्यांना तो मोठेपणा वाटतो. वाटू दे. पण शिकल्यामुळे घरात मला पहिलं काम मिळालं ते वाचून दाखवायचं. विजेचं बिल, शाळेची नोटीस, रेशनचा अर्ज, दवाखान्याचा कागद. आईला अक्षरओळख नाही. सही तेवढी येते, ती मीच शिकवली. आई समोर बसायची, हात मांडीत ठेवून, आणि मी वाचायची. मी वाचलं तेच कागदावर आहे, यात तिला कधी शंका आली नाही. तो विश्वास मी घालवला, आणि तो जुन्या कपड्यांवर ब्लॉग लिहून घालवला. कोणी हसेल, पण झालं असं.

कॉलेजात पहिल्या वर्षाला माझ्याकडे दोन ड्रेस होते. वर्गातली एक मुलगी एकदा आजीच्या रेशमी साडीचा कुर्ता शिवून आली. कोपराजवळ कापड विरलेलं होतं, तरी सगळ्या जणी हात लावून लावून बघत होत्या. व्हिंटेज हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आमच्या वस्तीत विरलेल्या कापडाला कोणी असा हात लावलेला मी पाहिला नव्हता.

आईचं तर उतरलेल्या कपड्यांशी उभं वैर. बावीस वर्षं ती धरमपेठेतल्या एका बंगल्यात धुणीभांडी करायला जात होती. तिथल्या बाई स्वभावाने बऱ्या होत्या. दिवाळीला, कधी एरवीही, एखादं वापरलेलं पातळ द्यायच्या, माझ्यासाठी नातीचे फ्रॉक द्यायच्या. आई "हो बाई" म्हणून घ्यायची आणि भांडेवाली गल्लीत आली की सगळं तिच्या टोपलीत टाकून स्टीलचं काहीतरी घ्यायची. पिवळ्या जाळीचा एक फ्रॉक मला फार हवा होता. त्याच्या बदल्यात स्टीलचं झाकण आलं. मी रडले तेव्हा आई म्हणाली, "आपन कोनाचं उतरलेलं घालत नाही वं." आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात हा नियम होता, आणि आईने तो एकदाही मोडला नाही. स्वतः ती साधंच पातळ नेसायची, पण विकत घेतलेलं, पदर पिनेने बसवलेला, निऱ्या सरळ. शेजारणी टोमणा मारायच्या, "कामाले चालली का हापिसात?" ती म्हणायची, "काम बी हापिसच होय."

एका खाजगी कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली, आम्ही शहराच्या कडेला, बेसाला, फ्लॅट घेतला, आईचे गुडघे गेले म्हणून तिने काम सोडलं. मग ब्लॉग सुरू झाला. रविवारी जुन्या कपड्यांच्या बाजारात बाया गोणपाटावर ढीग मांडून बसतात. त्या ढिगांतून मी नायलॉनची मोठ्या फुलांची पातळं काढायची, ऑर्गंडीचे तुकडे, कधी बंद गळ्याचं एखादं पोलकं. फोटो काढायचे, कापड कोणतं, कापडाची तऱ्हा कोणत्या काळातली, आज ते कसं नेसता येईल, असं लिहायचं. हळूहळू माझी स्वतःचीही एक पद्धत बसली. उंच गळ्याचा ब्लाउज, बाहीला बारीक पायपिंग, मानेवर सैल अंबाडा, मनगटावर चावीचं लहान घड्याळ. कॉलेजची पोरं मला ब्लॅक अँड व्हाईट मॅडम म्हणायची. मला ते आवडायचं. आपण कशा दिसतो हे आपण ठरवलंय, ही गोष्ट आमच्या घरात नवीन होती, असं तेव्हा मला वाटायचं. आईच्या निऱ्या माझ्या डोक्यातही आल्या नाहीत.

आईला ही पातळं चालायला वेळ लागला.

"विकत आनलं ना?" ती विचारायची. "कोनं देलं तर नाही?"

"विकत आणलं."

"मंग ठीक हाय. दोनदा धुऊन घे."

धुण्याचं मात्र तीच सांगायची. कोणता रंग पहिल्या पाण्यात सुटतो, जॉर्जेट पिळायचं का नाही, ऑर्गंडीला खळ किती. "नायलॉनले गरम इस्त्री लावली का गोळा होते, वरून ओलं फडकं ठेव." हे सगळं मी लिहून घ्यायची.

मग चूक झाली. बाजारातल्या एका पातळाबद्दल मी खरं ते लिहिलं, तर खाली एकीने लिहिलं, "शी, कुणाचं असेल, कोण मेलं असेल." दुसरीने तिला दुजोरा दिला. मी तो लेख काढून टाकला. पुढच्या लेखात तसंच एक पातळ दाखवलं आणि लिहिलं, हे आजीच्या पेटीतलं. लोक लोटले. कुणाला आपली आजी आठवली, कुणी पेटीचा फोटो मागितला. मग ते सदरच झालं, आजीची पेटी. आईने सांगितलेली धुण्याची रीतही मी त्यात घातली, आणि प्रत्येक वेळी लिहिलं, आजी म्हणायची. आई म्हणते असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की तुमच्या आईला जॉर्जेटचं इतकं कसं माहीत. त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी स्वतःला अभिमानी समजते, आणि मला ते उत्तर द्यायचं नव्हतं.

आईला मी प्रत्येक लेख वाचून दाखवायची. रविवारी दुपारी, जेवणं झाली की ती म्हणायची, "वाच वं, काय लिहून राहिली तू?" मी वाचायची आणि आजीची ओळ आली की तेवढी गाळून पुढे जायची. पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर डोळेच आपोआप त्या ओळीवरून उडी मारायला लागले.

धरमपेठेतल्या बाई वारल्या. दोनेक महिन्यांनी त्यांच्या सुनेचा मला फोन आला. सासूबाईंचं कपाट रिकामं करायचंय, तू जुन्या कपड्यांवर लिहितेस ना, येऊन बघ.

"नोको जाऊ," आई म्हणाली. "कोनी देऊन राहिलं म्हनून घ्याचं काय?"

"तशी देत नाही ती. माझं लिहिलेलं कुठंतरी पाहिलं, म्हणून बोलावलं."

"माहं काम पाहूनच तर देत होती बाई."

मी गेले. पुढच्या दाराने गेले, सोफ्यावर बसले, दोन पिशव्या भरून घेऊन आले. आईने पिशव्यांकडे पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, "चाय कपात देली का?"

"हो."

"त्यायच्याच कपात? कान तुटलेला नाही ना?"

"नाही वं आई, चांगला होता. बशीसकट."

तिच्या चेहऱ्यावरून कळलं की हे तिला बरं वाटलं. बावीस वर्षं तिचा कप तिथे वेगळा, मागच्या खिडकीत ठेवलेला असायचा. मग तिने स्वतःच एक पिशवी ओढली आणि वरचं जांभळं जॉर्जेट मांडीवर घेतलं. निऱ्यांच्या जागी बोटं फिरवत एका ठिकाणी थांबली.

"हे रफू माहं हाय. खिळ्याले अडकलं होतं. बाई रफूले दुकानात देत होती, म्या म्हटलं आना इकडं. दिसते का सांग?"

दिसत नव्हतं. उजेडात धरून, तिरकं करून, तेव्हा कुठे दिसलं.

पुढच्या आठवड्यात मी त्या पातळावर लिहिलं. रफूचा जवळून फोटो टाकला आणि खाली लिहिलं, हा माझ्या आजीचा हात. लिहिताना मी थांबले होते, हे खोटं सांगणार नाही. पण सदर आजीच्या पेटीचं होतं, आणि खरं लिहायचं तर सगळंच लिहावं लागलं असतं. रविवारी आईला वाचून दाखवलं, ती ओळ सोडून. "चांगलं लिहिलं," ती म्हणाली.

तो लेख माझ्या इतर लेखांपेक्षा कितीतरी जास्त फिरला. फिरत फिरत सुनेपर्यंत पोहोचला. तिने खाली लिहिलं, "सुंदर. फक्त एक दुरुस्ती, ही साडी माझ्या सासूबाईंची. आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींच्या मुलीला आम्ही दिली." शेवटी एक हसरा चेहरा. तेवढ्यावर ती थांबली नाही. मी कॉलेजात असताना तिने आईला फोन केला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई आंबाडीची भाजी निवडत होती. मी हातपाय धुऊन बसले, तशी म्हणाली, "ते जांभळ्या पातळाचं वाच."

"वाचलं होतं ना त्या दिवशी."

"पुन्हा वाच."

मी फोन काढला आणि वाचायला लागले. मला वाटलं तिला ऐकायला आवडलं म्हणून सांगतेय. कापडाचं वाचलं, रंगाचं वाचलं. पुढे ती ओळ आली आणि सवयीने मी तिच्यावरून निघून गेले. आईने हातातली काडी खाली ठेवली.

"रफूचं राहिलं," ती म्हणाली.

मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"वाच ना. तुह्या आजीचा हात. मले वाचता नाही येत, आयकू तर येते. फोन आला होता तिचा. हासून राहिली होती. म्हने, मावशी, तुमच्या आईकडे एवढ्या साड्या होत्या तर आमच्याकडे कशाला राबलात हो?"

"आई, लोकांनी..."

"लोकायचं नोको सांगू. तुह्या आजीले दोन लुगडे होते. एक अंगावर, एक दोरीवर. गावी खाप्याले लोकायच्या हातमागावर कांड्या भरे ते, दिवसभर लोकायच्या लुगड्याचं सूत हातात. पेटी कुठून आनली तू? तिचे ते दोन लुगडे खोटे करून टाकले." मग थोडं थांबून, "आन म्या सांगतलं ते इस्त्रीचं, खळीचं? ते बी तिच्याच नावावर?"

मी हो म्हणाले.

"माहं नाव घ्याची लाज वाटली."

हे तिने विचारलं नाही, सांगितलं. ती पुन्हा भाजी निवडायला लागली. चार पानं काढली असतील नसतील, मान वर न करताच तिने विचारलं, "दवाखान्याचा कागद बी असाच वाचते काय?"

मागच्या वर्षी तिच्या पोटाची तपासणी झाली होती. रिपोर्ट मी वाचला होता, शब्दन् शब्द, न समजलेले शब्द डॉक्टरांना विचारून. त्यात वाईट काही नव्हतं. मी तसं पुन्हा सांगितलं, कागद काढून आणला, बोट ठेवून वाचायला लागले. ती ऐकत होती, पण कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबले. खरं वाचत होते, पण वाचणारी मीच होते, आणि तिने ते कशावर पडताळून बघायचं?

मी ते सदर काढून टाकलं. खरं काय ते लिहिलं, बाजारातले ढीग, आजीची दोन लुगडी, आईचं धुणं, तिचं रफू, माझा खोटेपणा. वाटलं होतं लोक शिव्या देतील. थोड्यांनी दिल्या. बाकीच्यांनी इतकं कौतुक केलं की मला ते वाचवेना. किती धीट, किती प्रामाणिक. सुनेनेही 'आवडलं'चा अंगठा दिला. त्या कौतुकाच्या भरात मला वाटलं, आता आईवरच लिहावं. नेसायची रीत मी जगभर शोधत फिरले, ती घरातच होती, असं काहीसं. फोटोसाठी मी तिला नीट खुर्चीवर बस म्हणाले.

"काहून?"

"तुझ्यावर लिहिते."

"आता माहा नंबर काय?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्यानंतर मी काही लिहिलेलं नाही. ती पातळं कपाटात आहेत, नेसावीशी वाटत नाहीत. कॉलेजात साधा ड्रेस घालून जाते. पोरं विचारतात, मॅडम, रंगीत झाल्या का? मी हसते.

आई माझ्याशी भांडत नाही. जेवायला वाढते, भाजीत मीठ कमी आहे का विचारते, सगळं पहिल्यासारखं. रविवारी वाच म्हणत नाही, कारण वाचायला काही नसतंच. पण मी तिच्या गोळ्या आणल्या की त्या माझ्या हातातून घेते, पिशवीत टाकते आणि खाली उतरते. आमच्या इमारतीपासून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता अजून झालेला नाही, नुसती गिट्टी पसरलेली आहे, आणि तिचे गुडघे तसे. पहिल्यांदा मी मागे गेले होते. दुकानदारासमोर तिने एकेक पाकीट ठेवलं आणि विचारलं, "हे कवा घ्याचं, बावा? लिहिलं हाय तसंच सांग." त्याने सांगितलं, सकाळची ही, रात्रीची ही, ही जेवणाआधी. मी घरी सांगितलं होतं तेच.

परत येताना मी म्हणाले, "मी तेच सांगितलं होतं ना, आई."

"हो," ती म्हणाली, "तेच सांगतलं त्यानं."

पुढच्या महिन्यात गोळ्या आणल्या, तर ती पुन्हा पिशवी घेऊन गेली. मी मागे गेले नाही.